कसालच्या तिठ्यावर डावीकडे

आतेला देवगडच्या बाजूला पोचवायचं होतं आणि मी कसालच्या तिठ्यावर सरळ जायचं सोडून गाडी डावीकडे, मालवणच्या रस्त्याला घातली. चूक माझी. दिवस चांगला उजाडला होता, तिठ्यावर पाटी होती, मी शुद्धीत होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवत होतो.

आज माझा नातू संध्याकाळी मुंबईहून निघतो आणि सकाळच्या चहाला दारात गाडी लावतो. वाटेत दोनदा चहा पितो, एवढंच त्याला प्रवासाबद्दल सांगण्यासारखं असतं. साठ सालाच्या आसपास आमच्याकडे गाडी घेऊन कुणी किती लांब जावं, याचे नियम निराळे होते. लांबी मैलांत सांगतच नसत. ‘न्याहारी करून निघालात तर जेवणाक पोचाल’, ‘मधी एक तर आसा’, ‘दोन तरी आणि एक चढण’, असं सांगत. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. जितक्या तरी जास्त तितकं गाव लांब, मग ते समोरच्या काठावर डोळ्यांनी दिसत का असेना. माझे वडील एकदा काजूच्या व्यवहारासाठी आपली गाडी घेऊन खारेपाटणपर्यंत गेले होते, तर आमच्या गावातली माणसं आठ दिवस ‘काय, कसा काय आसा थंय?’ असं विचारायला येत होती. जणू ते विलायतेहून आले होते.

वडिलांची ती गाडीही तशीच. बेळगावला कायमच्या निघालेल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली, काळी, म्हातारी. पुढून हँडल मारल्याशिवाय ती उठत नसे. मागचं डावं दार सुतळीने बांधलेलं असे आणि मागच्या सीटवर माणसांपेक्षा काजूची पोती जास्त बसली होती. वडिलांचा कायदा असा की, दिवेलागणीला घरी परत येता येईल तितकंच लांब जायचं. त्यापुढे जायचं असेल तर चालत जा, गाडीला त्रास देऊ नका.

आता आतेबद्दल सांगतो. आते म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली, चार वर्षांत कपाळ पांढरं होऊन परत आली आणि आमच्याच घरात राहिली. तिनेच मला वाढवलं असं मी चारचौघांत म्हटलं की ती म्हणे, “वाढलो खंय हो?” तिची थोरली बहीण जामसंड्याला दिलेली. देवगडला लागूनच जामसंडे. आमचं गाव कुडाळजवळ. म्हणजे दोघी बहिणींच्या मध्ये पन्नासेक मैल. अकरा वर्षं दोघींची भेट नव्हती. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. मधे नुसता रस्ता होता.

त्या वैशाखात थोरल्या आतेचं पत्र आलं. धाकटीला वाचता येत नसे, मी वाचून दाखवलं. मुलाला मुंबईत दोन खोल्या मिळाल्या आहेत, तो न्यायला आला आहे, जामसंड्याच्या घराला कुलूप लागणार. येत्या मंगळवारी संध्याकाळच्या बोटीने देवगडहून निघते. आता परत येणं होईल असं वाटत नाही. जमलं तर येऊन तोंड दाखवून जा.

आतेने ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग ती मागच्या परसात गेली आणि जुन्या फणसाला लागलेल्या फणसांवर एकेक करून बोटांच्या पेरांनी ठकठक करत आवाज ऐकत राहिली. तो फणस दोघींच्या लहानपणचा. कापा, गोड, साखरेसारखा. थोरली सासरी गेली तेव्हाही तिच्या बैलगाडीत याच झाडाचा एक फणस घातला होता, असं घरात सांगत.

“मंगळवारपर्यंत ह्यो पिकतलो,” आते म्हणाली. म्हणजे ती जाणार हे ठरलं. आता नेणार कोण, एवढंच राहिलं.

मी म्हटलं, “मी नेतंय.”

वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की, मी जणू काजूच्या पोत्यात नारळ भरून विकायला निघालो आहे. पण बहिणीचा चेहरा बघून त्यांनी कायदा मोडला. मंगळवारी पहाटे देवाजवळ नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं: “बा देवा म्हाराजा, आज ह्या घराची ही दोन लेकरां देवगडाक निघाली आसत म्हाराजा! जाताना येताना वाटेत काय आडा-वाकडा आसात तर तां दूर कर आणि तेंका देवगडाक सुखरूप पोचय रे म्हाराजा!” आणि आम्ही सगळे “होय म्हाराजा!” म्हणालो. देवाला नीट कळलं असणार. माझ्याच कानात शिरलं नाही.

नंतर मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “सरळ जा. कसाल, कणकवली, नांदगाव. नांदगावाक डावीकडे वळ. शाणपण करू नको.”

‘डावीकडे वळ’ हे मी अक्षरशः पाळलं. दोन गावं आधी पाळलं, इतकंच.

का पाळलं, त्याची दोन कारणं. एक सांगण्यासारखं होतं. शाळेच्या नकाशावर मी आदल्या दिवशी दोरा लावून मोजलं होतं. कणकवली-नांदगावाचा रस्ता आत शिरतो आणि मोठा वळसा घेऊन पुन्हा समुद्राकडे येतो. मालवणहून किनाऱ्याने सरळ उत्तरेला गेलं तर दोरा चांगला बोटभर वाचत होता. मधे दोन-तीन निळ्या रेघा होत्या. केसाएवढ्या.

दुसरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मालवणच्या बाजारातल्या एका घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. पत्रिका जुळल्या होत्या, बघण्याचा कार्यक्रम पुढल्या महिन्यात होता. त्या घरावरून आपण स्वतः गाडी चालवत, जरा हात बाहेर काढून, सकाळच्या वेळी जावं, असं मला वाटलं. कोकणात तेव्हा मोटार चालवणारे मास्तर मोजके होते. मला वाटे मी एकटाच.

कसालला गाडी वळली तशी आते मागून म्हणाली, “ह्यो खंयचो रस्तो रे?”

“मालवणचो.”

“आपणाक देवगडाक जावचां मा?”

“दर्याच्या कडेन जवळ पडता गो. नकाशार मोजलंय मी.”

“कशान?”

“दोऱ्यान.”

“खंयच्या?”

“तुझ्या डब्यातल्या.”

“म्हणान काल माझी काळी रिळां सरली,” आते म्हणाली आणि तिने फणस मांडीजवळ ओढून घेतला. वाद तिथेच संपला. तिचा माझ्यावर विश्वास होता असं नाही. मी शिकलेला होतो, आणि शिकलेल्या माणसाला एका मर्यादेपलीकडे विचारायचं नाही अशी तिची समजूत होती. ती तिने त्याच दिवशी कायमची टाकून दिली.

मालवणच्या बाजारात आम्ही आठ वाजता शिरलो. त्या घराच्या अलीकडे मी गाडी हळू केली आणि तीनदा हॉर्न वाजवला. ओसरीवर मुलीचे काका दाढीला साबण लावून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला. आतल्या अंगाला चटईवर वाळत घातलेली कोकमाची सोलं परतणारा एक हात मला दिसला. बांगड्या होत्या. तो हात थांबला, असं मला वाटलं.

“कोणाक हाकतस रे?” आते म्हणाली. “रस्त्यार कोंबडोसुद्धा नाय.”

नऊ वाजता आम्ही खाडीवर पोचलो. नकाशावरची केसाएवढी निळी रेघ प्रत्यक्षात अशी होती की, पलीकडच्या माडांखालचा माणूस मुंगीएवढा दिसत होता. काठाला जांभ्या दगडाचा जुना धक्का. धक्क्यापासून बरंच खाली, चिखलात, दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यावर फळ्या ठोकलेल्या. त्याला जंगार म्हणतात. बैलगाडी, क्वचित एखादी मोटार त्यावरून पलीकडे नेत. तरवाला झोपडीच्या सावलीत जाळ्याचं भोक सांधत बसला होता. म्हातारा, वाळलेला, पण दंड होडीच्या वल्ह्यासारखे.

इथे मी दुसरी चूक केली. मी त्याच्याशी शुद्ध बोललो. “अहो, ही गाडी पलीकडे न्यायची आहे. किती वेळ लागेल?”

आमच्याकडे माणूस मोटारीतून उतरून शुद्ध बोलायला लागला की तो सरकारी. तरवाल्याने डोक्याचा पंचा काढून काखेत मारला आणि उभा राहिला. “पाणी चढाक व्हया, सायबा. सुकती आसा. जंगार चिखलात बसलो.”

“कधी चढेल?”

“आज तिथी खंयची?”

“मंगळवार,” मी म्हणालो.

गाडीतून आतेचा आवाज आला, “सप्तमी.”

तरवाल्याने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. “सप्तमीची पाऊणपट म्हणजे सवापाच. पहाटे सवापाचाक भरती भरान गेली. आता सांजची तेच्या मागसून. माणसांक काय, कदीय नेतंय. पण मोटार चडवची तर जंगार धक्क्याक लागाक व्हयो. साडेतीन तरी वाजतले.”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी भरती-ओहोटी फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी शिकवत असे. सूर्य पिवळा, चंद्र पांढरा, पृथ्वी निळी. माझ्या त्या आकृतीचं तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुकही केलं होतं. तिच्यात जंगार नव्हता.

मी घड्याळ पाहिलं. साडेतीन म्हणजे साडेसहा तास. पण दोरा डोळ्यांपुढे होता. मी आतेला म्हटलं, “पलीकडे गेला काय झाला. मगे लागूनच आसा. चार-साडेचाराक पोचतलंव. बोट पाच-साडेपाचाक.”

“तिच्या हातची भाकरी खावन निगाक गावतली म्हटलंय,” आते म्हणाली. “आता तोंड बघूक गावला तरी पुरे.”

ती गाडीतून उतरली नाही. फणस आता इतका पिकला होता की, गाडीत त्याच्या वासाशिवाय दुसऱ्या कशाला जागा नव्हती. माश्या यायला लागल्या. ती पदराने माश्या वारत, पलीकडच्या काठाकडे बघत बसून राहिली. चिखलात शेकड्यांनी कुर्ल्या बाहेर येऊन नांग्या हलवत होत्या.

मला ते बघवेना, म्हणून मी धक्क्यावर फेऱ्या मारू लागलो. कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघितलं. पावलं टाकत धक्क्याची लांबी मोजली. एकदा खाली वाकून दगडावर टिचकीही मारली. तरवाला दुरून हे सगळं गंभीरपणे बघत होता आणि जवळ काही येत नव्हता. दुपारी त्याने तीन शहाळी आणून गाडीजवळ ठेवली आणि पुन्हा झोपडीत गेला. कुठे चालला आहात, असं त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला वाटलं, माणूस मितभाषी आहे.

अडीचच्या सुमाराला खाडीच्या तोंडाकडे, सुरूच्या झाडांवर धुराची रेघ दिसली. मग झाडांच्या फटीतून पांढरं काहीतरी डावीकडून उजवीकडे सरकू लागलं.

“ती काय रे?” आतेने विचारलं.

“बोट,” मी म्हटलं. इतका वेळ गप्प बसून कंटाळलो होतो, माहिती द्यायची संधी मिळाली म्हणून जरा खुलूनच सांगू लागलो. “ही गोंयसून येता. आधी वेंगुर्ला, मगे मालवण. मालवणाक माणसां चढली उतरली काय मगे सरळ देवगड.”

“म्हणजे आक्का जातली ती बोट?”

“होय. तीच.”

आते जरा वेळ त्या धुराकडे बघत राहिली. “ती बोट आता मालवणात व्हती?”

“होय.”

“आणि सकाळी आमी खंय व्हतो?”

मी उगाच गाडीचं हँडल पुसू लागलो. तिला उत्तर नकोच होतं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, हे आधी कसं सुचलं नाही? मालवणला बोटीत बसायचं, तीन तासांत देवगड, बहीण त्याच बोटीत चढणार. पण नाही सुचलं. मलाच काय, वडिलांना नाही, आमच्या अख्ख्या गावात कुणाला नाही. आम्ही आतल्या अंगाची भाताची आणि काजूची माणसं. आमच्या डोक्यात बोट म्हणजे मुंबई. ट्रंक, वळकटी, रडारड, आणि मुंबई. बोटीत बसून कुणी देवगडला जातं, म्हणजे तीर्थयात्रेच्या गाडीने कुणी शेजारच्या आळीत जाण्यासारखं. ती बोट वाटेत थांबते हे मी मुलांना पाठ करायला लावत असे, बंदरं ओळीने. पण तिथे थांबून आपल्यालाही उतरता येतं, हे काही मनात आलं नव्हतं.

बोट बघायला तरवालाही बाहेर आला होता. “आज येळार इली,” तो म्हणाला. मग धीर करून त्याने आतेला विचारलं, “सायबांची मोजणी आचऱ्यापर्यंतच मा?”

“कसली मोजणी?” आते म्हणाली. “ह्यो माझो भाचो. कुडाळाक मास्तर आसा. आमका देवगडाक जावचां.”

“देवगडाक?” म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. “मगे हंय कित्याक इल्यात? पलीकडे आचरां, तेच्या फुडे आणि खाडी आसा, थंय जंगार नाय. माणसाक होडी, मोटारीक काय नाय. अगे बाये, ह्यो मोटारीन देवगडाक जाणाऱ्याचो रस्तोच नाय! माका वाटला सायब पूल बांधूचो म्हणान बघूक इले.”

“सकाळीच सांगाक काय झाला व्हता?” मी ओरडलो, आणि आता शुद्ध बोलायचं विसरलो होतो.

“तुमी इचारलास खंय?” तो म्हणाला. “आणि तुमी मालवणी बोलतास?”

आते एवढंच म्हणाली, “गाडी फिरव.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, “अकरा वरसां झाली. आज ती जाता, आणि मी हंय कुर्ल्यो बघीत बसलंय.”

त्या वाक्याने मला जे झालं ते अजून होतं.

गाडी फिरवताना मागचं चाक वाळूत रुतलं. तरवाला आणि माझी पंचावन्न वर्षांची आते, दोघांनी ती ढकलली. ढकलताना ती मला सांगत नव्हती, देवाला सांगत होती, आणि काय सांगत होती ते मी इथे लिहीत नाही.

मालवणच्या बाजारात परत शिरलो तेव्हा हॉर्न अडकला. नको तेव्हाच अडकला. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी एका दमात बोंबलत गेली. दुकानातली माणसं रस्त्यावर आली. त्या घराच्या ओसरीवर या वेळी नुसता हात नव्हता, अख्खी मुलगी उभी होती. हातात सोल, तोंडाला पदर, आणि खांदे हलत होते. माझ्या अंगावर लाल धुरळा, मागे माश्यांचा थवा, आणि सीटवर फणसाला मिठी मारून बसलेली आते. ती मुलगी पुढे माझ्याच घरात आली. हॉर्नचा विषय तिने अजून सोडलेला नाही.

कसालच्या तिठ्यावर आलो. सकाळी सोडलेला रस्ता तिथेच होता, कुठे गेला नव्हता. कणकवली, नांदगाव. नांदगावला डावीकडे वळलो, या वेळी वडिलांनी सांगितल्याप्रमाणे. शिरगावच्या अलीकडच्या चढणीवर गाडीच्या तोंडातून वाफ यायला लागली आणि ती थांबली. आजूबाजूला नुसते जांभ्याचे उघडे सडे, करवंदाच्या जाळ्या. विहीर नाही, ओहोळ सुकलेला.

“हिका काय जाला?”

“पाणी सरला गाडयेचा.”

आते उतरली. फणस फोडायला म्हणून आणलेला कोयता तिने काढला आणि तरवाल्याने दिलेली तिन्ही शहाळी एकामागून एक छाटली. “पाज तिका.”

“आते, गाडयेक शहाळ्याचा पाणी?”

“माणसाक चलता, तिका कित्याक चलाचा नाय? काय अंगार येवचा नाय तिच्या. पाज, म्हणतंय मा!”

मी पाजलं. मोटारींचं शास्त्र जाणणारे यावर काय म्हणतील ते म्हणोत. गाडी चालली. नंतर महिनाभर ती तापली की गोडसर वास यायचा, एवढंच.

मी तोवर आयुष्यात गाडी इतकी लांब आणि इतकी जोरात हाकली नव्हती, पुढेही कधी हाकली नाही. जामसंडे आलं तेव्हा सव्वासहा झाले होते. थोरल्या आतेच्या घरासमोर थांबलो. दाराला कुलूप. अंगणात ताजा सडा आणि तुळशीजवळ विझलेलं निरांजन. आतेने कुलपाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. “बंदरार,” ती म्हणाली.

देवगडच्या बंदरावर पोचलो तेव्हा बोट अजून उभी होती. आंब्यांनी वाचवलं. हापूसच्या पेट्या चढवायच्या इतक्या होत्या की, बोट तासभर अडकून पडली होती. बोट खोल पाण्यात उभी, तिच्यापर्यंत माणसं आणि पेट्या पडावातून न्यायच्या. शेवटचा पडाव धक्क्याला लागलेला, पेट्यांनी भरलेला, आणि तांडेल हातवारे करून ओरडत होता, “अगो म्हातारे, बस आता! बोट सुटली तर पेट्यांवयर बसान पोवत जातलं काय?”

ज्या म्हातारीला तो ओरडत होता ती धक्क्यावर एका ट्रंकेवर पाय खाली सोडून बसली होती. शेजारी तिचा मुलगा घड्याळ बघून रडकुंडीला आलेला.

“माझी भैण येवची आसा,” ती म्हणत होती. “पत्र घातलंय तिका. पाच पडाव सोडलंय, ह्यो सव्वो.”

आते गाडी थांबण्याआधीच उतरली. डावं दार सुतळीने बांधलेलं होतं, ती सुतळी कशी सुटली मला कळलं नाही. फणस कडेवर घेऊन ती धक्क्यावर गेली. मला वाटलं आता गळ्यात गळे पडतील. थोरली तिच्याकडे बघून म्हणाली, “केवडी सुकलंस गो. आणि इतको उशीर?”

“भाच्यान हाडलान मोटारीन,” आते म्हणाली. थोरलीने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मग तिने फणसावर हात ठेवला. वास घेतला. “मागल्या दारचो?”

“मागल्या दारचो.”

थोरलीने पदर तोंडावर धरला. तेवढंच. तांडेलाने शिट्टी घातली. मुलाने आईला दंडाला धरून पडावात उतरवलं, ट्रंक गेली, वळकटी गेली. आता फणस द्यायचा राहिला होता. आतेने तो पडावातल्या माणसाच्या हातात दिला नाही. ती स्वतः उतरली.

“आते, खंय?” मी वरून ओरडलो.

“बोटीपर्यंत पोचयतंय,” ती म्हणाली. “जड आसा.”

पडाव गेला. आंब्याच्या पेट्यांवर दोघी जणी शेजारी शेजारी, पाठमोऱ्या, मधे फणस. माहेरी परत आल्यापासून त्या दिवसापर्यंत आते कुडाळच्या बाजारापलीकडे गेली नव्हती. होडीत बसायला भीत असे. आमच्या नदीची तर असली तरी ती दोन्ही बाजू घट्ट धरून बसायची. आता तिचा एक हात थोरलीच्या खांद्यावर होता आणि दुसरा हवेत, काहीतरी सांगत होता. अकरा वर्षांचं सांगायचं होतं आणि वेळ बोटीच्या शिडीपर्यंतचा.

मी धक्क्यावर उभा राहिलो. मनात हिशेब केला: पडाव परत येईल, आतेला घेऊ, रात्री कुणाच्या तरी घरी टेकू, सकाळी परत. बोटीने भोंगा दिला. पडाव परत आला. त्यात तांडेल होता, रिकामा दोर होता, आणि आते नव्हती.

“तुमीच काय ते मास्तर?” तांडेलाने विचारलं. “म्हातारी शिडी चडान गेली. मी म्हटलंय, बाये, उतर, बोट सुटता. तर म्हणता, सुटांदे. तुमका सांगूक सांगितल्यान, घराक गेल्यार दादाक सांग, फणस पोचवक गेलंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा घरी पोचलो. वडील अंगणात होते. त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर वाकून बघितलं, मग माझ्याकडे.

“आते खंय?”

“मुंबैक.”

ज्या माणसाच्या कायद्यात दिवेलागणीपर्यंतचाच प्रवास बसत होता, त्याची बहीण एका लुगड्यानिशी मुंबईला गेली होती. मग त्यांनी मागच्या परसाकडे बघितलं आणि स्वतःशी म्हणाले, “बरां केल्यान.” आणि मग मला, “तू तिका देवगडाक नेवक निगालंस मा?”

पावसाळ्यापूर्वी बोटी बंद होत. बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात आतेचं, म्हणजे तिने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, पत्र आलं. शुक्रवारच्या बोटीने मालवणला उतरते. मी गाडी धुतली, हॉर्न दुरुस्त केला, सुतळी नवी बांधली. मालवण बंदरावर तासभर आधी जाऊन उभा राहिलो. रस्ता विचारून घेतला होता. मालवणचाच रस्ता, तरी विचारला.

आते मचव्यातून उतरली. अंगावर नवं लुगडं, पायात वहाणा, आणि चालणं असं, की जणू रोजच ती बोटीतून उतरत असावी. समोर आली, माझ्या हातात एक पिशवी दिली. आत फणसाच्या आठळ्या होत्या, धुऊन वाळवलेल्या. “आक्कान दिल्यान. परत लावक सांगितल्यान,” ती म्हणाली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

“आते! गाडी आसा मा हंय!”

ती थांबली. गाडीकडे बघितलं, मग बाजाराकडे, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे.

“माका घराक जावचां आसा, झिला. त्या बाजारातल्या चेडवाच्या दारासून तुका किती फेरे मारूचे आसत, ते तू एकटोच मार.”